जुना चेन लोडर की जुना डोझर : कळंबोलीच्या यार्डातल्या झिजेच्या नोंदी

२१ फेब्रुवारी २०२५, कळंबोली

दोन्ही मशीन यार्डात आली. लो-बेड रात्रीच आणला. दिवसा कळंबोली सर्कलच्या गर्दीत असलं धूड घालायची कोणाची हिंमत नाही. भिंतीकडे डोझर, म्हणजे पुढच्या ब्लेडने माती ढकलणारा. त्याच्या शेजारी चेन लोडर, म्हणजे बकेटने गाडी भरणारा. दोन्ही चेनवर चालणारे.

शेठांचं फर्मान असं : पावसाआधी एक ठेवायचं, एक विकायचं. जे ठेवू ते द्रोणागिरीच्या भरावावर जाणार. खाजणातला प्लॉट आहे, डंपर मुरूम ओतून जातील, तो थराथराने पसरायचा, मागून रोलर दाबत येईल. शेठांचा कल लोडरकडे. "लोडर ढकलतो पण आणि भरतो पण. डोझरला गाडी भरता येते का?" मुद्दा खोटा नाही. पण दोन्ही मशीनची वयं अशी आहेत की कोण काय करू शकतं याआधी कुणाचं काय उरलंय ते बघावं लागेल.

कंपन्यांची आणि मॉडेलांची नावं या वहीत लिहीत नाही. एक विकायचं आहे आणि वही गिऱ्हाइकाच्या हातात पडू शकते.

अवरमीटर, म्हणजे मशीन किती तास चाललं ते दाखवणारा मीटर : डोझरचा बंद. लोडरचा चालू, पण आकडा इतका कमी की विकणाऱ्यालासुद्धा सांगताना हसू आलं असेल. दोन्ही सोडून दिले. त्यापेक्षा मशीन कुठे राबलं ते कामाचं. डोझर आधी शिळफाट्याकडच्या खदानीत, मग उलव्याच्या बाजूला प्लॉट सपाटीकरणावर. म्हणजे बहुतेक आयुष्य सरळ रेषेत : ढकल, मागे ये, ढकल. लोडर तळोजा एमआयडीसीत स्लॅगच्या, म्हणजे भट्टीच्या मळीच्या यार्डात ट्रक भरायला. म्हणजे ढिगात घुस, मागे ये, वळ, ट्रकजवळ जा, ओत, परत वळ. तेही कडक जमिनीवर.

२४ फेब्रुवारी

धुणं. कोणाला लिहावंसं वाटत नाही, पण निम्मी तपासणी इथेच होते.

डोझरच्या खालच्या गाड्यात, म्हणजे चेन, रोलर आणि चाकांच्या सांगाड्यात, खाडीचा काळा चिखल वाळून दगड झाला होता. पाण्याच्या प्रेशरने जाईना, हाताखालच्या पोराने पहारीने फोडून काढला. दोन्ही वरचे रोलर फिरायचे थांबलेले. चिखल भोवती घट्ट बसला की रोलर अडकतो आणि वरून चेन घासत राहते. रोलरला एका बाजूने सपाट पट्टा पडतो. आमच्या दोन्ही रोलरना असा पट्टा आहे, बोट फिरवलं तर कळतो. हे रोलर गेले. किरकोळ खर्च, पण भरतीच्या चिखलात काम करून मशीन न धुता उभं ठेवलं की काय होतं ते इथे लिहिलेलं आहे. खाऱ्या चिखलाने बोल्ट तर असे धरलेत की गॅसने तापवल्याशिवाय सुटणार नाहीत.

लोडर धुवायला सोपा. स्लॅगची राखाडी धूळ, तेलात कालवलेली. तेल कुठून आलं ते बघायचं.

२७ फेब्रुवारी

डोझरची मापं. चेनचं माप घेताना आधी ती ताणून घ्यावी लागते, सैल चेनचं माप म्हणजे अंदाजपंचे. स्प्रॉकेट (चेन ओढणारं मागचं दातेरी चाक) आणि चेनच्या मध्ये एक जुनी पिन घातली, ऑपरेटर मामांनी मशीन हळूच रिव्हर्सला घेतलं, वरची चेन ताठ झाली. मास्टर पिनपासून (चेनची दोन टोकं जोडणारी पिन) लांब चार लिंकचं अंतर मोजलं.

पार्ट-बुकाप्रमाणे या चेनचं चार लिंकचं नवं अंतर ७०० मिमी, शेवटची हद्द ७२१. आमचं उजवीकडे ७१६, डावीकडे ७१३. झीज काढायची रीत सोपी : किती वाढलं भागिले किती वाढू शकतं. उजवीकडे १६ भागिले २१, म्हणजे ७६ टक्के. डावीकडे ६२. लोखंड ताणून चेन लांबत नाही. आत पिन आणि तिच्याभोवतीची नळी, म्हणजे बुश, एकमेकांना खातात, प्रत्येक सांध्यात थोडी पोकळी होते, ती बेरीज होऊन अंतर वाढतं. ही जुनी कोरडी चेन आहे, आत तेल नाही. कॅटरपिलरने १९७० च्या दशकात तेल भरलेली सीलबंद चेन आणली तेव्हापासून नव्या मशीनमध्ये आतली ही झीज जवळजवळ थांबली. आमच्या दोन्ही मशीनच्या नशिबी ती नव्हती.

उजवी बाजू जास्त का, ते मामांनी सांगितलं. खदानीत उजव्या हाताला कडा असायचा, मशीन कायम त्या बाजूला कललेलं.

बुशची बाहेरची झीज एकाच बाजूने. रिव्हर्सच्या बाजूने. डोझरचं हे ठरलेलं दुखणं आहे. पुढे जाताना बुश स्प्रॉकेटच्या दातात बसतो आणि भाराखाली तिथेच टेकून राहतो. फिरते ती आतली पिन. रिव्हर्समध्ये मात्र बुशच दातावर घासत फिरतो, भार असताना. आणि डोझर ढकलतो सावकाश, मागे येतो पळत. ऑपरेटरला वाटतं मागे यायचा वेळ फुकट चाललाय, मारतो वरचा गिअर. बुश आणि दात खाल्ले जातात ते तिथे, मुरूम ढकलताना नव्हे. स्प्रॉकेटचे दातही त्याच बाजूने पातळ झालेत.

खालचे रोलर : पुढचे दोन मागच्यांपेक्षा जास्त झिजलेले. ब्लेडने ढकलताना वजन पुढे येतं म्हणून. मागे रिपर, म्हणजे जमीन उकरणारा दात, असता तर मागचे आधी गेले असते.

शूचे (चेनवरच्या पाट्यांचे) ग्राउजर, म्हणजे जमिनीत रुतणाऱ्या उभ्या पट्ट्या, अर्ध्यावर. एकेरी ग्राउजर, डोझरला असायला हवेत तसे.

कागदावर सगळं वाईट दिसतं. पण एक गोष्ट लिहून ठेवतो : जे वाईट आहे ते सगळं बाहेर आहे, मोजता येतं, त्याला भाव सांगता येतो.

४ मार्च

लोडरची मापं. चेन ३८ टक्के दोन्हीकडे. शेठ फोनवर खूश. "मग झालं ना, लोडरच ठेवू." मी म्हटलं, थांबा जरा.

मुळात चेन लोडर म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढे बकेट लावून निघालेला प्रकार. अमेरिकेत ट्रॅक्सन नावाची कंपनी कॅटरपिलरच्या ट्रॅक्टरांना असे जोड बसवायची. १९५१ मध्ये कॅटरपिलरने ती कंपनीच घेतली आणि पुढे काही वर्षांत लोडर एकसंध मशीन म्हणून विकायला काढला. त्यामुळे खालून बघितलं तर दोन्ही सारखीच वाटतात : तीच चेन, तेच रोलर, तोच आयडलर (चेन ज्यावरून वळते ते पुढचं चाक). म्हणूनच बहुतेक लोक दोघांना एकाच तक्त्याने तपासतात आणि तिथेच फसतात. डोझरची झीज चेनच्या लांबीत असते. लोडरची आडवी असते.

आज दिसलं ते असं. लिंकच्या आतल्या कडा बाजूने घासून पातळ, चकचकीत. खालच्या रोलरच्या कॉलर, म्हणजे चेनला बाजूने धरणाऱ्या कडा, सुरीसारख्या धारदार. हात लावताना पोराला हातमोजे घालायला लावले. आयडलरचा मधला उंचवटा दोन्ही बाजूंनी खाल्लेला. मागे उभं राहून चेनकडे पाहिलं तर ती सरळ नाही, डावी-उजवी होत पुढे जाते. लांबी चांगली आणि चेन तिरकी, हे वळण्याचं काम आहे. मशीन जागेवर फिरतं तेव्हा चेन आडवी ओढली जाते, रोलरच्या कॉलर तिला थोपवून धरतात, आणि प्रत्येक ट्रकमागे हे दोनदा.

त्यात या लोडरच्या ट्रॅक फ्रेम कडक आहेत. डोझरच्या दोन्ही बाजू खड्ड्याप्रमाणे थोड्या वरखाली होतात, मध्ये दोघांना जोडणारा हलता दांडा, इक्वलायझर, असतो. अनेक जुन्या लोडरांत बकेट भरलेली असताना मशीन डुलू नये म्हणून फ्रेम घट्ट बांधलेल्या असतात. भरायला स्थिर, पण दगडावर चढलं की पूर्ण पीळ फ्रेम आणि रोलरवर. उजव्या फ्रेमवर एक जुनी वेल्डिंगची पट्टी आहे. नीट मारलेली आहे, पण आहे.

पुढचे रोलर आणि आयडलर डोझरपेक्षा किती तरी वाईट. भरलेली बकेट पुढे लटकते, मागचा भाग हलका होतो. आयडलरच्या मागचा रोलर तर हाताने हलतो.

११ मार्च

आज शूचं कोडं सुटलं.

लोडरच्या शूचे बोल्ट जागोजागी सैल होते, काही भोकं लांबट झालेली. पोर म्हणाला, "साहेब, हे तर डोझरचेच शू आहेत." पोराचं बरोबर. एकेरी, उंच ग्राउजर. आधीच्या मालकाने स्वस्तात मिळाले म्हणून चढवले असणार.

लोडरला दुहेरी किंवा तिहेरी, बुटक्या ग्राउजरचे शू असतात ते शोभेला नाही. एकेरी उंच ग्राउजर जमिनीत रुततो, डोझरला ढकलताना तेच हवं असतं. पण लोडरला वळायचं असतं, आणि रुतलेला ग्राउजर वळू देत नाही. मग मशीन जबरदस्तीने वळवावं लागतं. तो जोर जातो कुठे? शूच्या बोल्टवर, लिंकच्या कडांवर, रोलरच्या कॉलरवर, तिथून फायनल ड्राइव्हवर (स्प्रॉकेट फिरवणारे शेवटचे गिअर), आणि शेवटी स्टिअरिंग क्लच आणि ब्रेकवर. ४ तारखेला जे दिसलं त्यातलं बरंचसं या शूंच्या खात्यावर टाकतो.

शिवाय शू रुंदही आहेत. दलदलीत रुंद शू बरे, मशीन तरंगतं. कडक स्लॅगवर रुंद शू म्हणजे दगडावर फक्त कड टेकते आणि शू पिनला पिळतो. जितका चालेल तितका अरुंद शू घ्यावा, हे जुने फोरमन सांगायचे. आज त्याचा पुरावा समोर आहे.

१७ मार्च

धुळवडीनंतर यार्डात अर्धीच माणसं. तरी लोडरचं स्टिअरिंग तपासून घेतलं.

जुनी पद्धत : दोन बाजूंना दोन क्लच, दोन ब्रेक. डाव्या बाजूला वळायचं तर डावा क्लच सुटला पाहिजे आणि डावा ब्रेक धरला पाहिजे. मोकळ्या जागेत, पहिल्या गिअरमध्ये, मामांनी चालवलं. उजवीकडे ठीक. डावीकडे पेडल तळाला गेलं तरी मशीन मोठ्या घेराने वळतं, जागेवर नाही. ब्रेकचं अस्तर संपलेलं. शिवाय डावीकडे वळताना सगळा भार उजव्या क्लचवर येतो, आणि तो घसरतो. मामा उतरले आणि एवढंच म्हणाले, "वळत नाही हो हे, वळायचा विचार करतं."

क्लचच्या डब्याचा ड्रेन प्लग काढला. कोरडा क्लच आहे, डबा कोरडा हवा. वाटीभर तेल निघालं. शेजारच्या गिअरच्या डब्यातून सील गळून आलेलं. क्लचच्या अस्तराला तेल लागलं की तो धरत नाही, आणि ऑपरेटर मग आणखी जोराने, आणखी वेळ पेडल दाबतो. ते उरलेलं अस्तरही जळतं. २४ फेब्रुवारीला दिसलेलं तेल हेच.

हे दुरुस्त करायचं तर मागचा भाग उघडावा लागेल. उघडल्यावर आत काय निघेल त्याचा अंदाज कोणी देत नाही. मी पण देणार नाही.

डोझरलाही अशाच प्रकारचं स्टिअरिंग आहे. तपासलं. क्लच थोडे सैल, ॲडजस्टमेंटमध्ये येतील. डोझर दिवसभरात वळतो तो टोकाला, थोडासा. लोडर प्रत्येक ट्रकमागे काटकोनात वळतो. त्याच वयाचा, त्याच प्रकारचा भाग, आणि एकाचा निम्मा शिल्लक, दुसऱ्याचा संपलेला.

२५ मार्च

लोडरचे हात आणि बकेट. बकेट जमिनीवर टेकवली, मामांना सांगितलं दाबा आणि उचला, हळू. मी आणि पोर बाजूला उभे राहून प्रत्येक पिनकडे बघत. बकेटच्या खालच्या दोन्ही पिनमध्ये खेळ डोळ्याला दिसतो. वरच्या लिंकच्या पिनमध्ये खडखड आवाज. एका ठिकाणी पिन गोल राहिलीच नाही, आणि हाताचं भोकही अंडाकृती. नुसते बुश बदलून हे बसणार नाही, भोक जागेवर बोअरिंग करून घ्यावं लागेल. ग्रीसचे दोन निपल रंगाखाली सापडले. रंग मारणाऱ्याने निपलसुद्धा रंगवले होते. म्हणजे रंग मारल्यापासून त्यात ग्रीस गेलेलं नाही.

हातांना जोडणाऱ्या आडव्या नळीच्या जोडाजवळ एक केसासारखी भेग. घासून डाय-पेनिट्रंट, म्हणजे भेगेत शिरून ती दाखवणारा रंग, मारला, लाल रेघ उमटली. वेल्डरला बोलावलंय.

हायड्रॉलिक : बकेट भरून वर उचलली आणि इंजिन बंद केलं. हात हळूहळू खाली आले. सिलिंडरची सील किंवा व्हॉल्व्ह. हे करताना बकेटखाली कोणी नव्हतं, आणि पुढचं काम करताना सेफ्टी बार, म्हणजे वर उचललेले हात अडवून धरणारा दांडा, लावला. यार्डातल्या नव्या पोरांसाठी मुद्दाम लिहितो : बार नसेल तर बकेट खाली टेकवूनच हात घालायचा.

डोझरला यातलं काहीच नाही, कारण त्याला हे अवयवच नाहीत. त्याच्याकडे आहे ब्लेड आणि तिला धरणारी सी-फ्रेम.

२ एप्रिल

गुढीपाडवा झाला. डोझरच्या ब्लेडचं काम लवकर संपलं.

ब्लेडची खालची बदलता येणारी धार, म्हणजे कटिंग एज, खालून जवळजवळ संपलेली, पण ती उलटवता येते, दुसरी धार शिल्लक आहे. कोपऱ्यांवरचे एंड बिट दोन्ही गेलेले, ते नेहमीच आधी जातात, कारण कोपरा प्रत्येक दगडाला आधी भेटतो. ब्लेडचा मूळ पत्रा अजून शाबूत. एज संपूनही तसंच चालवलं असतं तर पत्रा खाल्ला गेला असता आणि मग खर्च बराच वाढला असता. सी-फ्रेमच्या गोळ्यांमध्ये खेळ आहे, शिम, म्हणजे मधल्या पातळ पट्ट्या, काढून बसेल.

फायनल ड्राइव्ह : डोझरच्या उजव्या बाजूचं तेल दुधाळ. पाणी गेलंय. खाडीत काम केलेल्या मशीनचं हे नेहमीचं. सीलच्या भोवती तार किंवा नायलॉनची दोरी गुंडाळली गेली की ती सील कापते. खरंच, मासेमारीच्या जाळ्याचा तुकडा निघाला. मॅग्नेट प्लगवर बारीक पूड, पण चकत्या किंवा तुकडे नाहीत. बेअरिंग अजून वाचलेत असं धरतो. सील बदलायचे.

याच कारणाने मोठ्या डोझरांमध्ये स्प्रॉकेट वर नेलं, फायनल ड्राइव्ह चिखलाच्या आणि धक्क्याच्या बाहेर. कॅटरपिलरच्या डी-१० ला १९७७ मध्ये तसं होतं. आमच्या बिचाऱ्याचं स्प्रॉकेट मागे खाली, खाडीत बुडालेलं.

इंजिन : दोन्हींची ऑइल कॅप काढून धूर बघितला. लोडरचा जास्त. लोडरचं इंजिन दिवसभर वरखाली होतं आणि हायड्रॉलिक पंपही तेच ओढतं. डोझर एका सुरात ओढतो. लोडरच्या गिअरबॉक्समध्ये पुढे-मागे करणारे क्लच तर पुढे, मागे, पुढे, मागे असेच संपतात. हे सगळं नुसत्या तपासणीत पूर्ण कळत नाही.

१२ एप्रिल, तळोजा

चेनच्या कारखान्यात. डोझरची चेन उतरवून इथे आणली. प्रेसवर पिन-बुश काढायचे, अर्धा फेरा फिरवून परत बसवायचे. बुशची न झिजलेली बाजू स्प्रॉकेटकडे येते, पिनची न झिजलेली बाजू भाराकडे, आणि लांबलेली चेन बरीचशी जागेवर येते. मालकाने बुश कॅलिपरने तपासले, आतून तडा गेलाय का ते वाजवून पाहिलं. चार-पाच बदलायला सांगितले, बाकी फिरवता येतात. आणखी थोडं चालवलं असतं तर बुश आरपार गेले असते आणि फिरवायला काही उरलं नसतं. ७६ टक्के हा आकडा म्हणूनच चांगला निघाला : वाईट दिसतो, पण अजून वेळेत आहे.

लिंकच्या वरच्या पट्टीवर वेल्डिंगचा भर देऊन उंची वाढवावी का, यावर तासभर चर्चा. मी नको म्हटलं. रोलर तेच जुने ठेवून नुसती पट्टी उंच केली की नवं कडक लोखंड जुन्या रोलरला खातं. एक तर दोन्ही करा नाहीतर काहीच नको. खालचे पुढचे दोन रोलर नवे, बाकी तसेच, वरचे दोन नवे. ग्राउजरला मात्र पट्टी वेल्ड करून घेणार, तो सरळ हिशोब आहे.

लोडरच्या चेनचं विचारलं. मालक म्हणाला, बाजूने झिजलेली लिंक फिरवून काही होत नाही. पिन-बुश फिरवाल, कडा कुठून आणाल?

२८ एप्रिल, द्रोणागिरी

प्लॉट बघून आलो. डंपर मुरूम आणतात तो उरण-पनवेल बाजूच्या टेकड्यांचा, कुजलेला काळा दगड. आमच्याकडच्या बेसॉल्टमध्ये मोकळं क्वार्ट्झ जवळजवळ नसतं, त्यामुळे ग्रॅनाइट किंवा क्वार्ट्झच्या वाळूच्या मुलखाइतकी नुसती घासून होणारी झीज इथे होत नाही. इथे मारतात दगडाचे धक्के, आणि पावसाळ्यात मुरूम-पाण्याचा लगदा, जो पिनमध्ये शिरतो. मुरमाच्या थराखाली खाडीचा मऊ काळा चिखल. वर कडक, खाली गुळगुळीत.

मुख्य काम पसरायचं. सरळ पट्टे, थोडं वळण. गाड्या भरायचं काम इथे नाहीच, डंपर ओतून जातात. शेठांना हे जागेवरच दाखवलं. "मग बकेट कशाला मिरवायची?" हे ते स्वतःच बोलले, मी नाही.

एका डंपरवाल्याने थर ओतून झाल्यावर जागेवर टायर गरागरा फिरवले. माझ्या मनात नुसता लोडरच वळत होता : डोझरच्या शूंवर, कडक मुरमावर, त्याच्या खाली चिखल, आणि त्याचा डावा ब्रेक.

१४ मे

कागद मांडून बसलो. डोझर : पिन-बुश झाले, रोलर आले, वरचे बसले, फायनल ड्राइव्हचे सील झाले, एज उलटवली, एंड बिट नवे. लोडर : शू पूर्ण बदलायचे, पुढचे रोलर आणि आयडलर, लिंक संपल्यातच जमा, स्टिअरिंग उघडायचं, ब्रेक अस्तर, हातांचं बोअरिंग, सिलिंडर सील, भेगेची वेल्डिंग. आणि गिअरबॉक्स अंधारात.

कुठल्याही चेन मशीनच्या देखभालीतला साधारण निम्मा पैसा खालच्या गाड्यात जातो असं सगळे म्हणतात, आणि डोझरला ते लागू पडतं. या लोडरचा हिशोब उलटा निघाला. खाली दिसतं तेवढा एक भाग, आणि स्टिअरिंग, हात, पिन, हायड्रॉलिकमध्ये त्याहून जास्त.

शेठांनी विचारलं, "म्हणजे चेन लोडर घ्यायचाच नाही का कधी?" तसं नाही. हायड्रोस्टॅटिक असेल, म्हणजे चेन तेलाच्या दाबावर चालणारी, क्लच-ब्रेकची भानगड नाही, इंजिन मागे असेल, ते भरलेल्या बकेटला तोलून धरतं, शू योग्य असतील, तर भंगार किंवा कचऱ्याच्या यार्डात त्याला तोड नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून असे आले. आपलं त्याआधीच्या पिढीचं आहे आणि चुकीच्या शूंवर राबलंय.

भिवंडीच्या बाजूची एक पार्टी लोडर बघून गेली. त्यांना मी मापं आणि ड्रेनमधलं तेल दोन्ही दाखवलं. त्यांच्याकडे त्याच जातीचं एक उभं आहे, चांगल्या क्लचचं, मोडक्या चेनचं. त्यांच्या कामाचं आहे. भाव शेठ आणि ते बघतील.

२७ मे, द्रोणागिरी

काल मान्सून मुंबईत आला. हवामान खात्याच्या नोंदीत इतक्या लवकर कधी आला नव्हता. नेहमीची तारीख ११ जून. आमचा थर अर्धा राहिला.

डोझर चालू आहे, पण चेन ताठ झाली. मऊ चिखल स्प्रॉकेट आणि रोलरमध्ये भरतो, चेनला जागा उरत नाही, ती ताणली जाते. यार्डात धुऊन, कोरड्या अवस्थेत जी सैलता ठेवली होती ती इथे चालत नाही. चिखल भरलेला असतानाच मोजून सैल करायची. चेन ताणणाऱ्या ॲडजस्टरचा ग्रीस व्हॉल्व्ह हळू, जेमतेम एक फेरा सोडला. पूर्ण उघडला तर आतलं ग्रीस बंदुकीच्या गोळीगत बाहेर येतं, म्हणून पोराला समोर उभं राहू दिलं नाही.

मामांना दोन सूचना : रिव्हर्स पहिल्याच गिअरमध्ये, आणि दुपारच्या सुट्टीत चिखल वाळायच्या आत खोऱ्याने काढायचा. दुसरी ते पाळतील. पहिलीसाठी शेठांना सांगून ठेवलंय.

ऑक्टोबरमध्ये चार लिंकचं अंतर परत मोजायचं. उजवी आणि डावी, दोन्ही.